पायरीवरचा खांब

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, वायरींच्या गुंत्यात जो पडला आहे, तो जुना कॅमेरा म्हणजे मी. एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझे भिंग बसवणाऱ्या बाईंनी मला एकदा उजेडाकडे धरून पाहिले आणि लगेच खोक्यात घातले. बालपणाचे मला एवढेच आठवते.

मला विकत घेतले एका घड्याळजींनी. त्यांचे दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर टिकटिकणारी दुसऱ्यांची घड्याळे. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. त्या नवरा-बायकोला एकच वेड होते. सुट्टी लागली की लोक समुद्रावर जात आणि हे दोघे पडकी शहरे पाहायला निघत. बाई म्हणायच्या, "इथलं सगळं माझ्याहून म्हातारं आहे, म्हणून मला इथं बरं वाटतं."

ते माझे सोन्याचे दिवस होते. मोडक्या कमानी, गवतात बुडालेले चौथरे, आणि कुठेतरी कडेला हसणाऱ्या बाई, असे कितीतरी फोटो आम्ही काढले. घड्याळजींचा हात इतका स्थिर, की शेजारीपाजारी फोटोंचे कौतुक करताना थकत नसत.

मग बाईंना मोठे दुखणे जडले. औषधांनी केस गेले, अंगावरचे मांस गेले. मी समोर आलो की त्या तोंड फिरवू लागल्या. जरा उतार पडला तेव्हा दोघे पुन्हा एकदा एका उजाड नगरीत गेले. त्यांच्या लेकीला बरोबर जायला कामातून सवड मिळाली नाही. चढण चढून बाई दमल्या आणि राखाडी शाल डोक्यावरून लपेटून एका तुटक्या पायरीवर टेकल्या. त्यांचे लक्ष नाही असे पाहून घड्याळजींनी मला हळूच उचलले. पण त्या वर्षापासून त्यांचा हात थरथरू लागला होता. फोटो हलला, तिरका आला, कोपऱ्यात अंगठा आला. तरीही दुखण्यानंतरचा बाईंचा तोच एकुलता एक फोटो होता. थोड्याच दिवसांत बाई गेल्या.

घड्याळजींनी दुकान बंद केले आणि मला खणात ठेवले. माझ्यावर धूळ बसली. 

लेक जाहिरातींची चित्रे कॉम्प्युटरवर करायची. वडील खुर्चीत नुसते बसून असतात, हे तिला बघवेना. त्यांच्यासाठी काहीतरी करावे म्हणून तिने मला बाहेर काढले आणि त्या शेवटच्या सहलीचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. बहुतेक सगळे फसलेले होते. तिने ते एआयकडे दिले. हललेले नीट कर, मावळतीचा उजेड दे, तैलचित्रासारखे रंग दे, असे तिने सांगितले. पाहता पाहता ते कळकट दगड उजळून निघाले. ऑफिसातल्या लोकांनी वाहवा केली. सगळ्यांत सुंदर चित्र तिने मोठे छापून चौकटीत बसवले. स्वभावाने ती टापटिपीची. फसलेले मूळ फोटो तिने उडवून टाकले, आणि बाबांना मला पुन्हा वापरता यावे म्हणून फोटो साठवायचे माझे कार्डही पुसून त्यावर नवे काहीबाही भरून पाहिले.

चित्र खुर्चीसमोर टांगले. घड्याळजींनी ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिले. मग म्हणाले, "ती कुठं गेली?"

"कोण, बाबा?"

"तुझी आई. त्या पायरीवर बसली होती."

पायरीवर एक खांब होता. राखाडी, वरून मोडलेला. त्याच्या भेगा फार सुरेख रंगवल्या होत्या. यंत्राला शाल म्हणजे दगड वाटली होती. आणि मित्रांनो, मूळ फोटोत लेकीलाही तो दगडच वाटला होता. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली.

मग तिची धावाधाव सुरू झाली. हरवलेले फोटो परत मिळवून देणाऱ्या दुकानदाराने माझे कार्ड तपासले आणि जुन्यावर नवे भरले गेले आहे म्हणत नकारार्थी मान हलवली. तिने एआयला तिथे शाल पांघरलेली बाई काढायला सांगितले. बाया आल्या. कुणी तरुण, कुणी हसरी, कुणाच्या डोळ्यांत चकचकीत पाणी. शेवटी तिने आईचे जुने फोटो दाखवले, तेव्हा आईचाच चेहरा आला. भरलेले गाल, काळे केस. ती ते घेऊन वडिलांकडे गेली.

त्यांनी कागद हळूच बाजूला सारला. "ही बरी झालेली आहे," ते म्हणाले. "तुझी आई बरी झाली नव्हती."

लेक खांबाचे चित्र उतरवू लागली, तर त्यांनी तिला थांबवले. "राहू दे. पायरी तरी तीच आहे."

शेवटपर्यंत ते त्या पायरीसमोर बसून होते. आता तेही नाहीत. चित्र अजून भिंतीवर आहे. येणारे-जाणारे थबकतात, त्या खांबाने चित्राला केवढे वजन आले आहे, असे म्हणतात. लेक सांगते, "तो खांब नाही. माझी आई आहे." ही कलावंतांची बोलण्याची रीत असेल, असे समजून लोक माना डोलावतात. 

मित्रांनो, फसलेल्या फोटोंशी खुशाल खेळा, हवे ते रंग भरा. पण मूळ फोटो पुसण्याआधी घरातल्या थोरांना जवळ बसवा आणि यात कोण कोण आहे, एवढे विचारा. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच विचारा.