बेबीताईची दातखीळ

बेबीताईची दातखीळ बसली ती भर दुपारी, फोनवर, 'होईल' हा शब्द अर्धा तोंडात असताना.

पलीकडे एक दंतवैद्य होते. त्यांच्या पेशंटला परदेशी जायचं होतं आणि तीन दातांचा ब्रिज दुसऱ्या दिवशी सकाळी हातात हवा होता. बेबीताई नेहमीसारखी 'होईल डॉक्टर' म्हणायला गेली. 'हो' बाहेर पडला आणि 'ईल' आतच राहिला. कानापाशी कट्कन काहीतरी वाजलं आणि जबडा जागच्या जागी अडकला. करंगळी जाईल एवढीही फट उरली नाही. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, "हो ना? मग झालं," आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

बेबी हे तिचं घरातलं नाव. शेंडेफळ म्हणून पडलं आणि पन्नाशी जवळ आली तरी सुटलं नाही. डेंटल लॅब तिची आणि तिच्या थोरल्या भावाची, दादाची. दादा बाहेरचं बघायचा आणि ती आतलं. बाहेरचं म्हणजे दवाखान्यादवाखान्यांतून हिंडून कामं आणायची आणि शब्द द्यायचे. आतलं म्हणजे ते शब्द पाळायचे. दादाच्या जिभेला हाड नव्हतं, म्हणून बेबीताईच्या पाठीला विसावा नव्हता. भिंतीवरच्या फळ्यांवर अनोळखी माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आ वासून बसलेले असायचे, आणि लांब टेबलाशी भट्टीची घरघर ऐकत ती कॅपा आणि कवळ्या घडवत असायची. तिच्या हातची दाढ तोंडात गेली की माणूस विसरून जायचा, अशी तिची ख्याती. कामगार तिला ताई म्हणत आणि अडलं की आधी तिच्याकडेच येत.

गेलं वर्षभर मात्र काहीतरी बिनसलं होतं. रात्री झोपताना असायची त्याहून ती सकाळी उठताना जास्त दमलेली असायची. लेकीने वक्तृत्वाचं बक्षीस आणून दाखवलं, तेव्हा 'छान' म्हणायला हवं हे तिला आठवलं. छान वाटलं मात्र नाही. एकदा तिने वरच्या दाढेऐवजी खालची दाढ घडवून ठेवली. चूक कळली तेव्हा ना ती चिडली, ना हळहळली. मुकाट्याने दुसरी करायला घेतली. हे सगळं तिने वयावर ढकललं होतं.

जबड्याच्या डॉक्टरीणबाई ओळखीच्याच होत्या. त्यांचं काम लॅबमध्येच यायचं. शेक देऊन, दोन्ही अंगठ्यांनी दाबून त्यांनी जबडा कसाबसा किलकिला केला आणि बॅटरीने आत बघितलं.

"ताई, हे दात झिजलेले नाहीत, दळलेले आहेत. तुम्ही झोपेतसुद्धा ओव्हरटाइम करता."

रोजचा शेक आणि व्यायाम केला तर जबडा हळूहळू सुटेल, पण लॅबची पायरी चढायची नाही, असं त्यांनी बजावलं. दळण फक्त दातांचं झालेलं नाही, असंही म्हणाल्या. किती दिवस, असं बेबीताईने दातांतल्या दातांत विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे विचारायचं सुचणार नाही तोवर."

घरात सगळे तिला बरं करायच्या मागे लागले. दादा भेटायला आला तो पिशवीभर सफरचंदं घेऊन. दातखीळ बसलेल्या माणसाला सफरचंद, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. नवरा शाळेत उपमुख्याध्यापक. साऱ्या शाळेची वेळापत्रकं तोच लावायचा. त्याने विश्रांतीचंही वेळापत्रक केलं: सकाळी फिरणं, मग दीर्घश्वसन, मग पडून राहणं, मग पुन्हा फिरणं. बेबीताईने ते इमानेइतबारे पाळलं. फिरताना ती पुढच्या माणसाला मागे टाकायची. श्वास सोडताना घड्याळ बघायची. पडून राहायची वेळ संपली की लगेच ताडकन उठायची. विश्रांतीतही पहिला नंबर काढायचाच, अशा थाटात तिने थोडे दिवस काढले आणि ती आणखीच खंगली.

मग एके सकाळी तिने ते वेळापत्रक कपाटावरून काढलं, फाडलं आणि खिडकीखाली, फरशीवरच आडवी झाली. नवरा शाळेत जायला निघाला होता. तो दारातच थबकला. आपण काय करायचं, असं त्याने घाबरून विचारलं.

"काही करू नकोस," ती म्हणाली. "जमलं तर बस जरा."

तो बसला, हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. बूटही न काढता, तिच्या शेजारी, भिंतीला टेकून. त्या दिवशी शाळेला त्याचा पहिला तास त्याच्याविना काढावा लागला.

त्यानंतर बेबीताईने खरोखर काही केलं नाही. झोप आली की झोपली, मग दिवस असो की रात्र. फोन कपाटात टाकला. गाद्या उन्हात टाकल्या आणि त्याच गाद्यांवर गच्चीत लोळली. जबडा हळूहळू सुटत गेला; घास मावेल एवढं तोंड उघडायला लागलं, जरी जांभई देताना कानाशी अजून वाजायचं. पण आतून सगळं बधिरच होतं, दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात तसं.

ती बधिरता उतरली ती दादामुळे.

दादा आला, खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला. शहरभर शाखा असलेल्या एका मोठ्या दवाखान्याचं सगळं काम आपल्याला मिळतंय. त्यांची अट एकच, माप आज गेलं की दात उद्या हवा. आणि त्याने त्यांना सांगून टाकलं होतं की प्रत्येक नग बेबीच्या नजरेखालून जाईल. तिची तब्येत आता बरीच सुधारलेली दिसतेय, असंही तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, फक्त हो म्हणायला ये.

बेबीताईच्या पोटातून काहीतरी गरम वर चढलं. कानाच्या पाळ्या तापल्या. हे काय होतंय, हे तिला क्षणभर ओळखता आलं नाही. मग ओळख पटली. तिला राग आला होता. कितीतरी महिन्यांनी, चांगला सणसणीत, आपला असा राग. आणि दादा समोर बोलत असताना तिच्या मनात आलं, आपण बऱ्या होतोय.

"दादा, शब्द तू दिलास ना? मग तूच पाळ."

तो हसला. "अगं, मला दात कुठे करता येतात?"

"येत नाहीत, हे मला माहितीय. तुलाही माहितीय. तरी दिलास."

दादाचं हसू मावळलं. इतकी वर्षं जमलं ते आताच का जमत नाही, असं त्याने विचारलं. घरची लॅब आहे, कामगारांच्या पोटावर पाय येईल, बाजारात नाव जाईल, सगळं बोलून झालं. शेवटी आवाज मऊ करून म्हणाला की तू बरी होऊन ये, मग बोलू.

"मी येणार आहे," बेबीताई म्हणाली. "पण ती आधीची बेबी येणार नाही. तिची वाट बघू नकोस."

बैठकीला ती गेली. दवाखान्याचे व्यवस्थापक टापटिपीचे गृहस्थ होते. बाकीच्या लॅब एका दिवसात दात देतात, असं त्यांनी हसून सांगितलं. मग त्यांच्याकडूनच घ्या, असं बेबीताईने तितकंच हसून सांगितलं आणि ती उठली. दादा तिला मागे टाकून जिना उतरून गेला.

आईने फोन केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून ती रडली. "कुणीतरी माघार घ्यावी लागते गं."

"घेतली की. इतकी वर्षं मीच घेतली. आता दादाचा नंबर."

दादाने नंबर लावला नाही. त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःची लॅब उघडली, नवी भट्टी नेली आणि निम्मे कामगार नेले. बेबीताईकडे जुनी भट्टी राहिली आणि अर्धं टेबल रिकामं. तिने नियम केला: संध्याकाळी सहाला बर्नर बंद, आज दिलेलं काम उद्या मागायचं नाही, आणि पुढचा दात असेल तर पेशंट प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घडवायचा नाही. उरलेल्यांपैकी दोघांचं घर ओव्हरटाइमवर चालायचं. ते तोंड पाडून तिच्यापुढे उभे राहिले. जादा काम आता मिळणार नाही, हे तिने साखर न लावता सांगितलं. त्यातला एक महिन्याभराने दादाकडे गेला.

धंद्यात बोलवा झाली की बाईचं डोकं फिरलंय. एका दंतवैद्याने तोंडावर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फिरलं होतं. आता सरळ झालंय."

बोलणं सोपं होतं. दिवस कठीण होते. कधी कधी सकाळभर भट्टी पेटवायचं कारण नसायचं. पहाटे जाग यायची तेव्हा दात एकमेकांवर गच्च बसलेले असायचे, आणि दादाला फोन करावा, चुकलं म्हणावं, असं वाटायचं. ती उठून चूळ भरायची, जबडा चोळायची आणि फोन करायची नाही.

अशातच डॉक्टरीणबाईंनी एक पेशंट कळवला. फुटबॉलच्या सामन्यांची पंच होती, दांडगी, रुंद खांद्यांची बाई. चेंडू लागून पुढचा दात तुटलेला. दोन लॅबचे दात बसवून झाले होते. एक खडूसारखा पांढरा, दुसऱ्यामुळे शिट्टी नीट धरता येत नव्हती. बेबीताई सकाळच्या उजेडात दवाखान्यात गेली. इतक्या वर्षांत तिने साचे हजारो बघितले होते, माणूस कधीच बघितला नव्हता. तिने पंचबाईंना खिडकीशी बसवलं, दातांच्या रंगछटांच्या पट्ट्या ओठाशी धरल्या, हसायला लावलं, ओरडायला लावलं, शिट्टी तोंडात धरायला लावली. मग परत येऊन मनासारखा वेळ घेतला. दात घडवताना ती गुणगुणत होती, हे शेजारच्या कामगाराने तिला नंतर सांगितलं.

दात बसवायच्या दिवशीही ती हजर राहिली. पंचबाईंनी आरशात बघितलं, जीभ फिरवली, खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. बाहेर बसलेले पेशंट चपापून गप्प झाले. मदतनीस मुलगी धावत आत आली आणि दवाखान्यात असलं काही चालत नाही, म्हणाली. पंचबाईंनी शिट्टी नळाखाली धुतली, रुमालाला पुसली आणि बेबीताईपुढे धरली.

बेबीताईने ती दातांत धरली. कानाशी जरा वाजलं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि लांबलचक शिट्टी वाजवली.

"ताई, पुरे आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेबीताईने आणखी एकदा वाजवली.