उभ्यानं टाकलेला दगड

मर्डो बर्फावरून उठेचना.

दगड त्याच्या हातातून सुटून केव्हाच पुढे निघाला होता. हा मात्र तसाच खाली. एक पाय छातीखाली दुमडलेला, दुसरा मागे लांब पसरलेला, हनुवटी बर्फापासून वीतभर वर. मी पलीकडच्या टोकाला, वर्तुळात झाडू टेकवून उभी होते. मला वाटलं, स्वारी आपल्याच दगडाकडे कौतुकानं बघतेय.

"इशबेल, अगं तो उठत नाहीये!" ग्रेटा ओरडली. ग्रेटा आणि तिचा नवरा नॉरी दगडापुढचा बर्फ झाडत माझ्याकडे धावत येत होते, ते मध्येच थांबले.

"तुम्ही झाडा आधी! त्याची नाटकं चाललीयेत," मी म्हटलं.

दगड बरोबर वर्तुळाच्या मधोमध येऊन थांबला. एवढं झालं तरी मर्डो खालीच. शेवटी मी दीडशे फूट बर्फ तुडवत त्याच्याकडे गेले. घामानं त्याचं कपाळ ओलं झालं होतं.

"काय रे, इथंच मुक्काम का?"

"बुटाची लेस बघतोय."

त्याच्या बुटांना लेस नव्हतीच, पट्टा होता. मी आणि नॉरीनं त्याला काखेत धरून उभा केला, तेव्हा त्याचा गुडघा असा वाजला की शेजारच्या बर्फावर खेळणारे लोकसुद्धा वळून बघायला लागले.

मर्डो लीस्क आमच्या गावातल्या शाळेचा केअरटेकर. वय चौसष्ट. हीटर तो चालू करतो, वर्गांची कुलपं तो उघडतो, पोरांनी छपरावर घालवलेले चेंडू तोच काढून देतो. शाळा त्याच्या घरापासून सहा मैल आहे आणि तो तिथं सायकलनं जातो. पाऊस असो, गारा असो, पर्थ शहराकडून येणारा वारा समोरून असो. लोकांनी गाडी थांबवून "ये रे, सोडतो" म्हणायचं आता सोडून दिलंय. मी बेकरीत काम करते. सकाळी सातला वीस मिनिटं असताना त्याचा पिवळा कोट काचेपुढे थांबायचा, मी खिडकीतून गरम पाव द्यायचे, तो खिशात घालायचा आणि जायचा. बोलणं एवढंच, "वारा आहे आज." "आहे." एकवीस वर्षं हेच चाललं होतं.

आणि बुधवारी कर्लिंग: बर्फावरून दगड घसरवत वर्तुळाच्या मध्याजवळ न्यायचा, तो लांब जावा म्हणून पुढचा बर्फ झाडायचा. बायको गेल्यापासून मर्डोचा आठवडा म्हणजे हा बुधवारच. क्लबात असा एक माणूस दाखवा ज्याला मर्डोनं शिकवलं नाही. रबरी ठोकळ्यावर पाय कसा रोवायचा, वीस किलोचा दगड हातात असताना बर्फावरून कसं घसरत जायचं, सोडताना मूठ किती फिरवायची. "कोपर, इशबेल, कोपर!" हे मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा कोपर सरळ करते. आमच्या चौघांत कप्तान मी असले तरी फेरीतले शेवटचे दोन दगड त्याचेच. निकाल लागतो तो त्या दोन दगडांवर, आणि ते टाकायला त्याच्याइतका शांत हात आमच्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

त्या बुधवारनंतर मी त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. परत आला तो खुशीत.

"सायकल सोडू नका म्हणाली. सायकलीनंच गुडघा टिकलाय म्हणे."

"आणि कर्लिंग?"

"त्याचं काही विशेष बोलली नाही."

"मर्डो."

"उकिडवं बसू नका म्हणाली. घसरणं, वाकणं, सगळं बंद. एखाद्या दिवशी जागेवर बसेल गुडघा, मग सायकलही गेली." त्यानं पाव खिशात कोंबला. "पोरगी आहे तिशीची. तिला काय कळतंय!"

उपाय होता, आणि तो आम्हा सगळ्यांना माहीत होता. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी एक लांब काठी असते, ती दगडाच्या मुठीत अडकवायची आणि उभ्यानं, चालत चालत दगड ढकलायचा. क्लबात ती काठी फक्त मिसेस पर्व्हिस वापरायच्या. त्यांचं वय एक्क्याऐंशी. मी विषय काढला की मर्डो म्हणायचा, "मी काय फरशी पुसायला येतो का?"

मग मी जे केलं ते करायला नको होतं. पण माझा स्वभावच असा, कुणी घोळ घालत बसलं की माझा हात शिवशिवतो. शनिवारी जिल्हा चषकाचा शेवटचा सामना होता, ब्लेअरबेग क्लबाशी. चौघांची नावं क्लबातल्या फळ्यावर लिहायची असतात, आणि कुणी काठीनं खेळणार असेल तर तेही नावापुढे लिहायचं असतं. मंगळवारी मी चार नावं लिहिली आणि मर्डोच्या नावापुढे 'काठी' लिहून मोकळी झाले. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता ना!

बुधवारी त्यानं ते वाचलं. सगळ्यांच्या देखत वाचलं. नॉरी मागून म्हणाला, "अरे, छान झालं," आणि मर्डोचा चेहरा बघून मागे सरकला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं. "तुझ्याच भल्यासाठी."

"माझं भलं कुणी सांगितलंय तुला करायला?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तीस वर्षं ज्या फळ्यावर माझं नाव आहे, तिथं तू मला म्हातारा करून टाकलंस. निदान आधी मला सांगायचंस तरी."

सायकलचा दिवा लावून तो निघून गेला. गुरुवारी सातला वीस मिनिटं असताना पाव तयार होता, पण पिवळा कोट आला नाही. शुक्रवारीही नाही. पोस्टवाली म्हणाली की मर्डो आता तळ्याला वळसा घालून शाळेत जातो. तो रस्ता दोन मैल जास्त, आणि चढाचा. मला टाळायला हा माणूस त्या गुडघ्यानं चढ चढत होता! मी दोन दिवस गिऱ्हाइकांना चुकीचे पाव देत होते. मला स्वतःचा राग आला होता, आणि त्याचाही. घरी येऊन मी ढसढसा रडले, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या दारात गेले. तो उलट्या सायकलच्या साखळीला तेल घालत होता.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "उद्या फळ्यावरचं पुसते. तू ठरव. वाकून खेळ, काठीनं खेळ, नाहीतर येऊच नकोस. तिघं खेळू आम्ही."

तो चाक फिरवत राहिला. "तिघांनी खेळून ब्लेअरबेगला हरवणार तू?"

"नाही. पण चौथा तूच. दुसरा कुणी नको मला."

तो पुन्हा साखळीला तेल घालायला लागला. मी घरी आले.

शनिवारी सकाळी मी फळ्यावरचं 'काठी' पुसून टाकलं. अकराला सामना. ब्लेअरबेगचा कप्तान टॉर्क्विल, सहा फुटी, गोड बोलणारा, आणि गेली चार वर्षं चषक त्याच्याचकडे. पावणेअकरापर्यंत मर्डोचा पत्ता नव्हता. मग काचेबाहेर पिवळा कोट दिसला. बाहेर ओला बर्फ पडत होता. दाढीतून पाणी गाळत तो आत आला, माझ्याकडे न बघता बूट बदलले आणि खेळायच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. मर्डो ठोकळ्याजवळ गेला आणि जरा वेळ खाली बघत राहिला. त्यानं उजवा हात गुडघ्यावर ठेवला, तो अर्धवट वाकला, परत सरळ झाला. मग तो वळला आणि काचेपलीकडे बसलेल्या मिसेस पर्व्हिसना हातानं खूण केली.

त्या लगबगीनं काठी घेऊन आल्या. "लांबी वाढवून घे, मी बुटकी आहे," म्हणाल्या.

मर्डोनं माझ्याकडे पाहिलं. "लिही आता फळ्यावर," तो म्हणाला. "मी सांगतोय म्हणून लिही."

मी पळत जाऊन लिहिलं.

पण एका दिवसात काठी येते थोडीच? वाकून घसरताना दगडाचं वजन माणसाच्या सगळ्या अंगाला कळतं. काठीला ते कळत नाही, तिथं मनगट नव्यानं शिकायला लागतं. पहिला दगड सगळ्या वर्तुळातून आरपार निघून मागच्या फळीवर आपटला. दुसरा अर्ध्यातच थांबला. तिसऱ्या फेरीनंतर ते चार, आम्ही एक. नॉरी माझ्या कानाशी पुटपुटला, "शेवटचे दगड तू टाक ना." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो झाडू घेऊन दूर गेला.

तेवढ्यात टॉर्क्विल मर्डोजवळ आला. मी मुद्दाम जवळ सरकले.

"मर्डो, हे बघ, मला हे बरं वाटत नाही. नियम काही का असेना, पुढच्या फेरीपासून तू आपला नेहमीसारखा वाकून टाक. आमच्याकडून कुणी ब्र काढणार नाही."

खरं सांगते, मला वाटलं, हो म्हण! एकदाच. दोन-तीन दगड तुझ्या पद्धतीनं टाक, नंतर गुडघ्याचं बघू. मी तोंड उघडलं नाही, पण वाटलं एवढं नक्की. नियम असा आहे की काठी घेतली की सामना संपेपर्यंत काठीच, अदलाबदल चालत नाही.

मर्डोनं काठीच्या टोकावरचा बर्फ झटकला. "आभार, टॉर्क्विल. पण नियम आहे."

"अरे, इथं पंच कुठाय?"

"तू आहेस. मी आहे. इथं कायम आपणच असतो पंच."

टॉर्क्विल जरा ओशाळला. "बरोबर आहे तुझं," म्हणून मागे गेला. मी माझ्या झाडूकडे बघत बसले, कारण माझंही मन तेच सांगत होतं जे टॉर्क्विलनं सांगितलं होतं.

पाचव्या फेरीत मर्डोचा एक दगड वर्तुळात येऊन थांबला. ग्रेटानं शिट्टी मारली. सहाव्यात दोन्ही थांबले. त्यानं चालीची गती बदलली होती: तीन पावलं हळू, मग एक लांब. मी लांबून मोजत होते. सातव्या फेरीनंतर ते पाच, आम्ही चार. क्लबातले लोक चहा टाकून काचेशी येऊन उभे राहिले.

शेवटची फेरी. त्यांचा पिवळा दगड मध्यबिंदूपासून हातभर अंतरावर, आणि त्याच्यापुढे आडवा त्यांचाच आणखी एक. वर्तुळात आमचा एकही नाही. आमचा शेवटचा दगड मर्डोच्या हातात. आडव्या दगडाला वळसा घालून आत शिरायचं आणि पिवळ्यापेक्षा जवळ थांबायचं. जमलं तर एक गुण, बरोबरी, आणि आणखी एक फेरी.

मी झाडू टेकवून खूण दाखवली. त्यानं मान हलवली आणि बोटानं दाखवलं: आणखी डावीकडे. मी सरकवला. त्यानं पुन्हा मान हलवली.

तीन पावलं हळू. एक लांब. दगड सुटला.

"झाडू नका!" मी ओरडले. मग, "झाडा! झाडा! अगं जोरात, ग्रेटा!" नॉरी आणि ग्रेटा जीव तोडून झाडत आले. दगड आडव्या दगडाच्या कडेनं, नख जाईल एवढीच फट ठेवून आत शिरला, वळला, आणि पिवळ्याच्या बाजूला येऊन थांबला.

उघड्या डोळ्यांना फरक कळेना. टॉर्क्विल आणि मी मोजपट्टी आणली, मध्यबिंदूवर टेकवली, फिरवली. पिवळा बोटभर जवळ होता.

"पिवळा," मीच म्हटलं.

मर्डो दीडशे फूट चालत आला. त्यानं आधी टॉर्क्विलशी हात मिळवला, मग त्याच्या तिघांशी, मग आमच्याशी. माझा हात त्यानं जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"सोमवारी वारा असेल म्हणे," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.

आमच्यात जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायची रीत आहे. आम्ही सगळे वरच्या खोलीत जाऊन बसलो. टॉर्क्विल ग्लास मांडत होता, नॉरी प्रत्येकाला तो शेवटचा दगड पुन्हा पुन्हा सांगत होता. मर्डो मात्र बसला नाही. काठी हातात घेऊन तो सरळ मिसेस पर्व्हिसच्या टेबलाशी गेला.

"मिसेस पर्व्हिस, बुधवारी जरा लवकर याल का? मला हे नीट शिकायचंय."

त्यांनी चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साडेपाचला. उशीर केलास तर मी घरी जाईन."

"नाही करणार."

"मग आत्ता दाखव बघू, कशी धरतोस?"

मर्डोनं दोन टेबलांच्या मध्ये काठी जमिनीला टेकवली. मिसेस पर्व्हिस खुर्चीला धरून उठल्या, त्याच्या मागे गेल्या आणि त्याचं कोपर दोन बोटांनी धरून अंगाजवळ आणलं.

"असं," त्या म्हणाल्या.

"हो," मर्डो म्हणाला, आणि ताठ उभा राहिला.