लाल शाईतली कार्डं

आई गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात दादा आणि मी तिचा दवाखाना आवरायला गेलो. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र. आतल्या खोलीत मालिशचा लाकडी बाक, कंबरेएवढ्या पाण्याचा टब आणि मातीच्या पट्ट्यांसाठी झाकणाची बादली. वीस वर्षं आईच्या हाताखाली मालिश करणाऱ्या मावशी आमच्या आधीच येऊन टब घासत बसल्या होत्या. आता तो कोण वापरणार, हे त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही.

आवरायला घाई होती, कारण अकरा वाजता मोठ्या रुग्णालयातले मधुमेहाचे डॉक्टर येणार होते. रुग्णालयात निसर्गोपचाराची खोली सुरू व्हायची होती. तिला आईचं नाव द्यावं, असं त्यांनी समितीला सुचवलं होतं, आणि समितीला आईचं काम बघायचं होतं. म्हणून तिची कार्डं न्यायला ते येत होते. रुग्णांची परवानगी मावशींनी एकेकाला फोन करून मिळवली होती.

आईकडे येणारे बहुतेक जण जुन्या दुखण्यांना कंटाळलेले असत. कुणाला दमा, कुणाला सांधेदुखी, कुणाची साखर. गोळ्यांपासून सुटका होईल या आशेने येत आणि पहिल्याच दिवशी हिरमुसत, कारण आई त्यांच्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावून एकेक गोळी कार्डावर उतरवून घेई. यातली एकही बंद करायचा अधिकार मला नाही, असं ती सांगे. एका निवृत्त मास्तरांनी गुडघे किती दिवसांत नवे होतील असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "गुडघे सत्तरीचेच राहणार, मास्तर. आपण त्यांच्यावरचं ओझं तेवढं उतरवू." मास्तरांनी वर्षभरात नऊ किलो उतरवले आणि जिना चढू लागले.

खणातून कार्डं काढता काढता दादाचा हात थांबला. अकरा कार्डं लाल शाईत होती. त्याने पहिलं वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. एका पोस्टमनचं होतं.

"सोमवारी आहार बदलला. साखरेची गोळी तेवढीच राहिली. खाणं हलकं झालं की साखर उतरणार, हे मला माहीत होतं. गोळी कमी करावी का, अशी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. फोन केला नाही. चिठ्ठी पोस्टमनच्या खिशातच राहिली. गुरुवारी साखर फार उतरून ते जिन्यात कोसळले. चूक माझी. यापुढे आधी फोन, मग आहार."

"जन्मभर लोकांची पत्रं पोचवली आणि स्वतःचंच विसरला मेला," मावशी आतून म्हणाल्या. पोस्टमन अजून ठणठणीत आहेत, हेही त्यांनी सांगितलं.

बाकीची दहाही अशीच निघाली, आईच्या चुकांची. दादा वकील आहे. लेखी कबुली म्हणजे काय, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: समितीत आईला मातीवाल्या बाई म्हणून हसणारे लोक बसणार. ही अकरा कार्डं पाहिली की ते बाकीच्या साडेआठशेंकडे बघणारसुद्धा नाहीत. ती घरी ठेवू. फाडायची नाहीत, फक्त द्यायची नाहीत.

मला ते पटत आलं होतं. दारावर आईचं नाव मलाही हवं होतं, त्याच्याइतकंच. मी साधी कार्डं चाळू लागले. पोस्टमननंतरच्या प्रत्येक कार्डावर, आहाराच्या ओळीच्या वर, डॉक्टरांना फोन केल्याची वेळ लिहिलेली होती. सकाळी नऊ दहा. दुपारी चार वीस. चौदा वर्षांत एकही कार्ड चुकलं नव्हतं. लाल कार्ड काढून घेतलं, तर या वेळा कशासाठी लिहिल्यात हे कुणालाच कळलं नसतं.

"दादा," मी म्हटलं, "नाव लागायचं तर आईचं लागू दे. हिचं नको."

"हिचं म्हणजे कुणाचं?"

"जी कधीच चुकली नाही तिचं. ती बाई आपल्या घरात नव्हती."

अकरा वाजता डॉक्टर आले, तेव्हा लाल कार्डं मीच त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी उभ्यानेच वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. पोस्टमनला रुग्णालयात घेऊन आई स्वतः आली होती, शिकाऊ डॉक्टरांसमोर आपण तिला नको नको ते सुनावलं होतं आणि ती नुसती लिहून घेत होती, असं ते म्हणाले. काय लिहितेय ते त्यांना आज कळलं. "हे बघून समिती नाव नाकारूही शकते. पण मी ही वाचूनच दाखवणार. माझ्या विभागात असं एकही कार्ड नाही."

"चुका झाल्याच नसतील," दादा म्हणाला.

"वकीलसाहेब, ते तुमच्यासमोर नाही सांगणार."

दादा बऱ्याच दिवसांनी हसला. मग त्याने कोरा कागद घेऊन कार्डांची पोच लिहिली. 'त्यांपैकी लाल शाईतली अकरा' ही ओळ त्याने वेगळी घातली आणि तिच्याखाली डॉक्टरांची सही घेतली. यातलं एकही गहाळ झालेलं मला चालणार नाही, असं त्याने त्यांना बजावून सांगितलं.