शिवलेले खिसे

रत्नाबाईंचा राग साधा होता. अकोल्याहून निघून, दोन विमानं बदलून त्या सिएटलला उतरल्या, चार वर्षांनी मुलगा दिसला, आणि मुलगा पाया पडला नाही! सामानाच्या ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "प्रवास बरा झाला ना, आई?" बस्स. परीक्षेला निघताना दोनदा पाया पडणारा हा अनुप. अमेरिकेने पोरगा ताठ करून टाकला, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सिएटलजवळ रेडमंडला मुलाच्या घरात महिनाभर हाच काटा सलत होता. जेवताना चमचा खाली पडला तर साहेब स्वतः उचलणार नाहीत, हर्षिताला हाक मारणार. सून बिचारी मुकाट्याने उचलायची. काय ही ऐट! पण परक्या मुलखात सुनेसमोर तोंड कुठे उघडायचं, म्हणून त्या गप्प होत्या.

थंडीत दर शनिवारी अनुप बर्फावर जायचा. दोन्ही पाय एकाच फळीला अडकवायचे आणि डोंगरावरून घसरत यायचं, असला तो खेळ. बूट प्लास्टिकचे, दगडासारखे कडक. टाच दाबली की खट्ट करून फळीत बसते, हे त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. त्यातून सुटतात कसे, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

शुक्रवारी धुतलेले कपडे घडी करताना त्यांना ती बर्फातली पँट सापडली. दोन्ही खिशांना आतून मुठीएवढी भोकं! "अगं बाई! एवढा पगार आणि खिसे फाटके!" राग रागाच्या जागी, फाटकं दिसल्यावर हात थोडेच थांबतात? त्यांनी दुहेरी दोरा ओवला आणि दोन्ही भोकं पक्की बुजवली. खिशात हात घातला की आई आठवेल मेल्याला, असं म्हणत त्यांनी दोरा दातांनी तोडला. सांगितलं मात्र कुणाला नाही.

शनिवारी त्याही सोबत गेल्या. गाडीतळावर हर्षिताने बर्फात गुडघे टेकून नवऱ्याच्या पायात बूट चढवले, बकलं लावली. आता बूटसुद्धा बायकोने घालायचे! रत्नाबाईंनी तोंड फिरवलं. नंतर हर्षिता त्यांना उताराच्या पायथ्याशी बाकावर बसवून कॉफी आणायला गेली.

अनुप वरून आला तो लांब लांब वळणं घेत, अगदी झोकात. राग असूनही त्यांना छान वाटलं. बाकाजवळ येऊन तो थांबला. खिशांत हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले.

"आई, खिशांना काही केलंस का?"

"शिवले! दुहेरी दोऱ्याने. आता जन्मात उसवायचे नाहीत."

अनुप हसायला लागला आणि मध्येच थांबला. "अगं, ती भोकं मीच पाडली होती. बुटाच्या टाचेची दोरी पँटच्या आतून वर येते, भोकातून हात घालून ती ओढली की टाच सुटते. आता अडकलो ना मी!"

"मग वाकून खालून ओढ. हाताला काय लांब आहे?"

"थांबू जरा. हर्षिता येईल."

"बायको येईपर्यंत खांबासारखा उभा राहशील, पण वाकणार नाहीस!" महिनाभराचं सगळं एकदम बाहेर पडलं. "आईपुढे नाही वाकलास, तो बुटापुढे काय वाकशील!"

अनुपचा चेहरा उतरला. "वाकता येत नाही गं, आई. दोन वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं. मणक्यात स्क्रू आहेत. डॉक्टर घसरायला हो म्हणाले, वाकायला नाही. म्हणून तर हे बूट घेतले. तुला कळवलं असतं, तर तू तिकडे जेवली नसतीस."

रत्नाबाईंची नजर त्याच्या पाठीकडे गेली.

"एअरपोर्टवर ट्रॉलीला धरून प्रयत्न केला मी," तो म्हणाला. "नाही जमलं."

तो दांडा त्यांना आठवला, आणि त्यावर आवळलेली त्याची बोटंही. त्या उठल्या, बर्फात धडपडत त्याच्यापाशी गेल्या आणि खाली बसल्या.

"आई, नको! तू माझ्या पायाशी नको वाकू."

"गप उभा राहा. मला वाकता येतं."

त्यांनी पँट वर सारली, बुटामागची दोरी शोधली आणि ओढली. "उचल टाच." एक पाय सुटला. मग दुसरा. दोन्ही सुटले तरी त्या उठल्या नाहीत. त्या थंडगार बुटांवर हात ठेवून रडत बसल्या. अनुपने उभ्या उभ्या हात लांबवला. तो जेमतेम त्यांच्या डोक्यावर पोचला, आणि त्याने तो तिथेच ठेवला.

घरी आल्याबरोबर त्यांनी सगळे टाके उसवले. मग चष्मा लावून दोन्ही भोकांच्या कडांना काजासारखी बारीक शिलाई घातली, म्हणजे हात घालताना त्याला काचायला नको.