भट्टी वाढव

रसिकभाई चोकशींनी भट्टीवरचा आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. आठशे अंश. चष्मा स्वच्छ करूनही आकडा सुधारला नव्हता.

"तृषाबेन, काल संध्याकाळी मी फोनवर काय म्हणालो?"

"भट्टी वाढव म्हणालात." नवी केमिस्ट तृषा मांकड हौसेने म्हणाली. "सहाशेवर होती, आठशेवर नेली. वाफही रात्रभर चालू ठेवली. पूड आत्ताच काढलीय. गाठिया घ्या ना, गरम आहेत."

रसिकभाई स्टुलावर बसले. त्यांच्या वडिलांचं मांडवीच्या बाजारात कापडाचं दुकान. त्या घरात दुकान कधी बंद होत नसे, दिवा विझत नसे. बंद करायचं ते सगळं 'वाढवलं' जाई. 'बंद' म्हटलं की धंदाच बसतो. रसिकभाईंनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, पण तो शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. नळसुद्धा ते वाढवत. तृषा पडली भुजच्या मास्तरांची मुलगी, तिला हे कोण सांगणार?

झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या स्फटिकजाळीतून थोडं ॲल्युमिनियम काढायचं होतं. वाफेने सैल करायचं, मग आम्लाने धुवायचं. भिंतीतल्या मोजक्या विटा काढायच्या, पण घर उभं राहिलं पाहिजे. आठशेला रात्रभर घर राहतं का, हे स्वतःला विचारायचीही रसिकभाईंची हिंमत होत नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक नमुना न्यायला येणार होतं. तो नापास झाला तर मकरपुऱ्यातल्या या प्रयोगशाळेची 'पुनर्रचना' होईल, असं मॅनेजर मेहुलभाईंनी बजावलं होतं. 'बंद' हा शब्द त्यांनाही टाळायचा होता.

"पूड तर छान पांढरी दिसतेय," तृषा म्हणाली.

"स्फटिक मेल्यावरही पांढरीच असते."

तिच्या हातातला गाठिया हातातच राहिला.

क्ष-किरणांच्या यंत्रात पूड भरताना रसिकभाईंनी निम्मी टेबलावर सांडली. स्फटिक शाबूत असेल तर पडद्यावर उंच टोकं उठायची. रेघ डावीकडून निघाली. पहिलं टोक यायची जागा आली आणि गेली. रसिकभाईंनी पडद्यावर टिचकी मारून पाहिली. रेघ लोळलेल्या उंटासारखी जराशी फुगली आणि पुढे सपाट झाली.

"घर पडलं?" तृषाने हळूच विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"पण मी तुमचंच ऐकलं, सर. मला अजून कायम नाही केलेलं."

फोन वाजला. मेहुलभाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "नमुना तयार ना, रसिकभाई?"

"नाही. जळाला."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "कुणाच्या हातून? त्या नव्या पोरीच्या?"

तृषा भिंतीला टेकली होती.

"भट्टी वाढवायला मीच सांगितलं होतं," रसिकभाई म्हणाले.

"तुम्ही? इतक्या वर्षांनंतर? मग आता मला वरच्या साहेबांपुढे तुमच्यासाठी काही बोलता यायचं नाही, हे कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी फोन ठेवला. रिकामी भट्टी अजून गुणगुणत होती.

"सर, आता हिचं काय करू?"

रसिकभाईंच्या दातांपर्यंत नेहमीचा शब्द आला. त्यांनी तो गिळला.

"बंद कर, बेटा."

आणि त्यांनी चटकन दाराकडे पाहिलं, वडील ऐकत उभे असावेत तसं.