उवांचं राज्य

पहिलीच्या बाईंनी उवांचा खेळ काढला तो चिमणीसाठी. चिमणीच्या डोक्यात उवा आहेत हे वर्गात फुटल्यापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. तिचा खडूसुद्धा पोरं फडक्याने उचलत. आई रोज फणी घेऊन मागे लागायची, पण उवा जुन्या भाडेकरूंसारख्या चिवट. त्यात मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, "सोमवारी डोकी तपासणार. ज्या डोक्यात ऊ, ते डोकं घरी."

शुक्रवारी बाईंनी काळ्या लोकरीचे तुकडे आणले. तुकडा म्हणजे ऊ. ज्याच्यावर राज्य, त्याने डोक्याला डोकं लावून ती दुसऱ्याला द्यायची.

"ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. कुणालाही होते, त्यात लाजायचं काय?"

इथेच थांबल्या असत्या तर बरं होतं. पण ज्याच्यावर राज्य त्याला वाईट वाटू नये म्हणून बाईंनी त्याला कागदी मुकुट ठेवला. आणि पहिलं राज्य दिलं चिमणीला.

झालं! मधल्या सुट्टीत चिमणीच्या बाकावर ही झुंबड.

"ए, मला खरी दे ना एक!"

"हट्, आधी माझा नंबर!"

"रांगेत या रे," चिमणी म्हणाली आणि एकेकाच्या डोक्याला डोकं लावू लागली.

बाई तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा पीत होत्या.

सोमवारी मोठ्या बाई चष्मा सावरत आल्या. "घरी. घरी. तूही घरी." पोरं दप्तरं उचलून मिरवत निघाली. ज्यांच्या डोक्यात काहीच निघालं नाही, त्यांनाही त्यांच्या आया धास्तीने घेऊन गेल्या.

उरली चिमणी. शाळा बुडू नये म्हणून आईने रविवारी तिचा चक्क गोटा केला होता. करताना आईच जास्त रडली म्हणे.

"याला म्हणतात स्वच्छता!" असं म्हणून मोठ्या बाई गेल्या.

फाटकाबाहेर पोरांचा दंगा चालला होता. चिमणी तो ऐकत बसली. मग तिने डोक्यावर नखं ओढायला सुरुवात केली.

"बाई, मला पण खाजतंय."

"नाही गं बाळा, काही नाहीये तिथे."

"आहे! नीट बघा ना. एक तरी असेल."

बाईंनी नीट बघितलं. डोकं घासलेल्या ताटलीसारखं लख्ख. नखांचे ओरखडे तेवढे उमटत होते. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. ते सोडवायला चिमणी जिवाच्या आकांताने धडपडू लागली, आणि आता हिला कुठला खेळ शिकवावा, ते बाईंना सुचेना.