हवा कुणाची

आमच्या निशिगंधानं तीन वर्षं खपून कोल्हापूर ते मिरज हा रेल्वेमार्ग कॉम्प्युटरवर उभा केला. आगगाडी चालवायच्या खेळात तो घ्यायचा की नाही, हे एक ग्रुप ठरवतो. त्या ग्रुपच्या विजयसिंहानं मार्ग परत पाठवला. वळिवड्याला गाडी थांबतच नाही, उतार चुकलाय, रविवारपर्यंत दुरुस्त करा नाहीतर मार्ग बाद, असं त्यानं कळवलं.

माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं मी त्याच मार्गावर ड्रायव्हर होतो. उताराची मापं पोरीला मीच सांगितलेली, म्हणजे चूक माझीच काढली की. निशिगंधा मात्र हिरमुसून उतार कमी करायला बसली. तिला उठवलं आणि मी स्वतः गाडी चालवायला घेतली. दोनदा चालवली, दोन्हीदा वळिवड्याच्या फलाटावर बरोबर थांबलो.

तिसऱ्या वेळी उतारावर ब्रेक लावला आणि तेवढ्यात जेवायची हाक आली. आहे तिथंच गाडी सेव्ह करून जेवायला उठायचं, हे सुख रेल्वेनं आम्हाला कधी दिलं नाही. जेवून आलो, खेळ उघडला. मधे उठलेला ड्रायव्हर परत गाडीवर आला की आधी हवेचा काटा बघतो. सवयीनं मीही बघितला. ब्रेकच्या पाइपातली हवा पुरी पाच किलोवर होती; हवेचा दाब आम्ही किलोतच मोजतो. मी तर ती चारावर आणून उठलो होतो. पाइपातली हवा कमी केली की ब्रेक लागतात, भरली की सुटतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. वेग तोच, जागा तीच, आणि ब्रेक सुटलेले. बघता बघता वळिवडं मागं पडलं.

“निशे, उतार न्हाय चुकलेला,” मी म्हणालो. “सेव्ह करताना ह्यो खेळ हवा इसरतोय.”

तिनं पाच वेळा सेव्ह करून पाहिलं, पाचही वेळा तेच. ग्रुपवाले दर वेळी कोल्हापूरपासून यायला नको म्हणून उतारावरच सेव्ह करत होते. मग माझी पोरगी जी बसली, ती दोन दिवस उठली नाही. सेव्ह करताना प्रत्येक डब्याची हवाही लक्षात राहील अशी सोय तिनं स्वतः बनवली आणि उताराला बोटही न लावता मार्ग परत पाठवला. काटा बघायला मी होतो, पण हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

रविवारी विजयसिंहाचा फोन आला. मार्ग तर घेतलाच, वर तिची ती सोय सगळ्याच मार्गांना लावणार होते. उताराची मापं माझी होती हे कळल्यावर त्यानं माझी माफी मागितली आणि मी ती ऐटीत घेतली.

संध्याकाळी शिवाजी पेठेत तालमीपुढं फुटबॉलवरून वाद पेटला होता. यंदा कोल्हापुरात हवा कुणाची, हाच विषय. मला बघून ज्ञानू वस्ताद म्हणाला, “तुमीच सांगा की, हवा कुणाची हाय?”

“आमच्या निशिगंधाची,” मी म्हणालो. “पुरी पाच किलो.”

कुणालाच काही कळलं नाही. मग मी कट्ट्यावर बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.